त्या काळीही माहीत होतं

होनोलुलूच्या इओलानी राजवाड्यात शिरताना बुटांवर कापडी पिशव्या चढवाव्या लागतात. जुनी लाकडी जमीन आहे, ओरखडे पडू नयेत म्हणून. त्यामुळे सगळेच जण पाय घासत, जपून चालतात आणि मोठा आवाज करायला कुणी धजत नाही. खाली सिंहासनाचा दरबार, भोजनाचं दालन, कोआ लाकडाचा भव्य जिना, सगळं झळाळतं. वर एका कोपऱ्यात मात्र एक खोली आहे, तिथे काहीच झळाळत नाही. खिडक्यांच्या काचा धूसर केलेल्या, बाहेरचं काही दिसत नाही आणि बाहेरून आतलंही दिसू नये अशा. मधोमध काचेच्या पेटीत एक भलंमोठं चौकोनी पांघरूण पसरून ठेवलंय. हवाईची शेवटची राणी लिलिउओकलानी हिला १८९५ साली तिच्याच राजवाड्यातल्या याच खोलीत जवळजवळ आठ महिने कोंडून ठेवलं होतं. त्या काळात तिने ते शिवायला घेतलं. मी पेटीवर वाकून टाके बघत होते, आणि शेजारी उभा असलेला माझा भाचा हळूच म्हणाला, "वाईटच झालं, मावशी. पण त्या काळी सगळेच असं करायचे ना गं. ब्रिटिशांनी नाही का इंडियात केलं?"

त्याच्या बोलण्यात खोट काहीच नव्हती. मुलगा गुणी आहे. जन्म कॅलिफोर्नियातला, तरी मराठी नीट बोलतो, आणि मला बेटं दाखवायला त्याने हौसेने सुट्टी काढली होती. माझं मन हलकं करावं म्हणूनच तो बोलला. पण ते वाक्य तेव्हापासून माझ्या मागे लागलं. कारण हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलेय, कधी सतीबद्दल, कधी अस्पृश्यतेबद्दल, कधी आमच्याच घरातल्या एका विधवा आजीच्या केशवपनाबद्दल. त्या काळी सगळेच. हे एकदा म्हटलं की करणारा सुटतो, सोसणारा गप्प होतो आणि ऐकणारा मोकळा होतो.

त्या पांघरुणाबद्दल आधी सांगते. आमच्या कृष्णाकाठी जुन्या लुगड्यांची वाकळ शिवतात तशीच जात, फक्त इथे लुगड्याऐवजी रेशीम, साटिन आणि मखमल. नऊ मोठे चौकोन, आणि प्रत्येकात वेडेवाकडे, एकाही मापात न बसणारे तुकडे. कुठे पंखा भरलाय, कुठे फूल, कुठे कुणाचं नाव. मधल्या चौकोनात हवाईचे झेंडे. आणि नीट बघितलं तर त्यातच धाग्याने लिहिलेला मजकूर दिसतो: राणीला इथे कधी कैद केलं, सोबतीला कोण बाई होती, सुटका कधी झाली. राजकैद्याला कागद-शाई मोजून मिळते, पण सुईदोरा कोण नाकारणार? तिला वर्तमानपत्रं बंद होती. तिच्या बागेतली फुलं मात्र येत, आणि ती वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली असत. फुलं बाजूला ठेवून ती तो कागद उलगडून वाचायची. हे तिनेच पुढे आपल्या आत्मकथनात लिहिलं. बाहेर आपलं राज्य कसं चाललंय हे राणीला फुलांच्या वेष्टनावरून कळत होतं.

तिचा थोरला भाऊ राजा कालाकाऊआ. १८८१ मध्ये हा राजा पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला होता, आणि पृथ्वीभोवती फिरून आलेला जगातला पहिला राजा म्हणून त्याचं नाव घेतात. जपान, चीन, सयाम, ब्रह्मदेश करत तो कलकत्त्याला उतरला आणि तिथून रेल्वेने आपल्या मुंबईला आला. १८८१ चा जून. म्हणजे मृगाच्या आसपासची, घामाने अंग चिकट करणारी मुंबई. टिळक-आगरकरांचा 'केसरी' त्याच वर्षी जानेवारीत सुरू झालेला. हवाईचा राजा तेव्हा मुंबईच्या रस्त्यांवरून फिरला, ही गोष्ट मला कुणी शाळेत सांगितली नाही, आणि कळल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. त्याला दोन गोष्टी हव्या होत्या. एक म्हणजे आशियातल्या राजांची एकजूट. जपानच्या सम्राटापुढे त्याने ती कल्पना मांडली, भाचीचं लग्न जपानी राजपुत्राशी व्हावं असंही सुचवलं. ते जमलं नाही. दुसरं म्हणजे उसाच्या मळ्यांसाठी माणसं. गोऱ्यांच्या बोटींतून आलेल्या रोगांनी त्याची प्रजा गेल्या शंभर वर्षांत झपाट्याने घटली होती आणि मळे वाढत चालले होते. आपल्याकडची माणसं हवाईला गेली नाहीत. ती मॉरिशसला गेली, आमच्या कोकणातलीसुद्धा. हवाईला पुढे जपानी गेले, त्यांच्याआधीपासून चिनी आणि पोर्तुगीज होतेच. पण थोडं इकडचं तिकडे झालं असतं तर आज होनोलुलूतही मॉरिशससारखी मराठी आडनावं भेटली असती.

मळे का वाढत होते? साखरेमुळे. माझं माहेर उसाच्या पट्ट्यातलं. गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या मळीचा तो आंबूस-गोड वास पहाटे अंथरुणातच यायचा, आणि उसाच्या फडाला लावलेल्या पाचटाची काळी राख अंगणातल्या धुण्यावर पडायची. माउई बेटावर पुउनेनेचा जुना साखर कारखाना आम्ही बाहेरून पाहिला. हवाईतला तो शेवटचा. २०१६ च्या डिसेंबरात त्याने अखेरचा ऊस गाळला. धुरांडी होती, वास नव्हता. मला तो वास तिथे हवा होता, खरं सांगते, कारण त्याशिवाय ही गोष्ट अर्धीच कळते. १८७५ मध्ये अमेरिकेने हवाईच्या साखरेवरची जकात माफ केली. पुढच्या पंधरा वर्षांत तिथून जाणारी साखर दहापट झाली. आणि ऊस म्हटलं की पाणी आलं, हे आमच्या गावच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. डोंगराच्या ओल्या अंगाचे ओढे अडवून मळेवाल्यांनी मैलोन् मैल पाट काढले आणि पाणी कोरड्या अंगाच्या उसाला नेलं. ज्यांच्या खाचरांत ते ओढे पूर्वी उतरत त्यांची खाचरं सुकली. त्या खाचरांत काय होतं? अळू. आपलंच अळू. आपण पानांच्या वड्या आणि फतफतं करतो, ते मुख्यतः कांदा खातात, उकडून, कुटून, जांभळट लापशी करून. त्यांच्या कथेत आकाशाचं पहिलं मूल मेलेलं जन्मलं, त्याला पुरलं तिथून अळू उगवलं, आणि दुसरं मूल म्हणजे माणूस. म्हणजे अळू हा माणसाचा थोरला भाऊ. थोरल्याचं पाणी तोडून उसाला दिलं गेलं. मी भाच्याला तिथल्या बाजारात ती पानं दाखवली आणि म्हटलं, याच्या वड्या करते आज रात्री. त्याला मौज वाटली. मला मात्र वड्या करताना सारखं ते पाटाचं पाणी आठवत राहिलं.

साखरेने मळेवाले गब्बर झाले, आणि मळेवाले बहुतेक अमेरिकन, कितीतरी तर मिशनऱ्यांचे मुलगे-नातू. १८८७ मध्ये त्यांनी बंदुकधारी पथकाच्या जोरावर राजाकडून नवी राज्यघटना सही करून घेतली. लोक तिला संगिनीची घटना म्हणतात. मताला मालमत्तेची आणि मिळकतीची अट आली, त्यात निम्मेअधिक हवाईयन गळाले, आशियाई तर सरळ वगळलेच, आणि परक्या देशाचे नागरिक असलेल्या गोऱ्यांना मात्र मत मिळालं. लिलिउओकलानी तेव्हा लंडनला होती, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाला. मानपान चालू असतानाच ही बातमी पोचली आणि दौरा आटोपता घेऊन ती परतली. त्याच वर्षी मोत्यांचं बंदर, पर्ल हार्बर, वापरण्याचा एकट्याचा हक्क अमेरिकेने करारात मिळवला. मग १८९० मध्ये अमेरिकेने सगळ्याच परदेशी साखरेवरची जकात उठवली, देशी साखरेला वर अनुदान दिलं, आणि हवाईच्या मळेवाल्यांचा फायदा एका फटक्यात गेला. उपाय त्यांना एकच दिसला: हवाई अमेरिकेतच घालायचं.

१८९१ मध्ये भाऊ वारला, लिलिउओकलानी गादीवर आली. ती काही देवी नव्हती. पैशासाठी लॉटरीचा आणि अफूच्या परवान्यांचा कायदा तिने सही करून मंजूर केला, ते मला पटत नाही. पण जानेवारी १८९३ मध्ये तिने जी नवी घटना आणायचं ठरवलं, ती तिच्या लोकांना मत परत देणारी होती. एवढं निमित्त पुरलं. १६ जानेवारीच्या संध्याकाळी बंदरातल्या 'बोस्टन' या अमेरिकन युद्धनौकेवरून १६२ सैनिक उतरले आणि राजवाड्याच्या हाकेच्या अंतरावर त्यांनी तळ दिला. कारण सांगितलं अमेरिकन जीविताचं आणि मालमत्तेचं रक्षण. दुसऱ्या दिवशी मूठभर माणसांनी सरकार स्थापल्याचं जाहीर केलं आणि अमेरिकेचा वकील, म्हणजे तिथला राजदूत, स्टीव्हन्स याने त्याच दिवशी त्याला मान्यता दिली. दोन आठवड्यांनी त्याने वॉशिंग्टनला कळवलं की हवाईचं पेअर आता पुरतं पिकलंय, तोडायची सुवर्णवेळ हीच.

राणीने रक्त सांडू दिलं नाही. पण सत्ता सोडताना जो कागद तिने लिहिला तो वाचून मला तिच्या बुद्धीचं फार कौतुक वाटलं. मी बंडखोरांना शरण जात नाही, तिने लिहिलं, मी अमेरिकेच्या वरचढ बळापुढे नमते, आणि तेही अमेरिकेचं सरकार सगळी हकीकत ऐकून आपल्या वकिलाचं कृत्य रद्द करील आणि मला पुन्हा गादीवर बसवील तोवर. चोराच्या हाती किल्ल्या न देता तिने त्या चोराच्या धन्याच्या दारात ठेवल्या. कारण तिला वाटत होतं, तो धनी न्यायी आहे.

आणि धनी ऐकून घेणारा निघालाही.

हाच भाग मला भाच्याला सांगायचा होता आणि राजवाड्यात सांगता आला नाही. मार्च १८९३ मध्ये क्लीव्हलंड अमेरिकेचे अध्यक्ष झाले. त्यांनी विलीनीकरणाचा करार सिनेटमधून मागे घेतला, चौकशीला ब्लाउंट नावाचा माणूस पाठवला, त्याचा अहवाल वाचला, आणि १८ डिसेंबर १८९३ ला काँग्रेसला लिहून कळवलं की अमेरिकेच्या वकिलाने भाग घेऊन, काँग्रेसच्या परवानगीशिवाय, युद्धाचं कृत्य करून एका दुबळ्या पण मित्रत्वाने वागणाऱ्या, विश्वास टाकणाऱ्या लोकांचं सरकार उलथवलं. हे शंभर वर्षांनी कुणा इतिहासकाराने लिहिलेलं नाही. अकरा महिन्यांत, देशाच्या अध्यक्षाने, सहीनिशी लिहिलं. त्या काळी! मग पुढे काय झालं? बंडखोरांचा पुढारी डोल याने राणीला परत बसवायला साफ नकार दिला. क्लीव्हलंडनी प्रकरण काँग्रेसच्या हवाली केलं. सिनेटच्या समितीने दुसरा अहवाल केला, त्यात राणी सोडून बहुतेक सगळे निर्दोष ठरले. ४ जुलैचा मुहूर्त साधून १८९४ मध्ये मळेवाल्यांनी आपलं प्रजासत्ताक जाहीर केलं. १८९५ च्या जानेवारीत राणीच्या माणसांचा उठाव फसला आणि राणीवर तिच्याच दरबारात, लष्करी न्यायासनापुढे खटला चालला. आरोप असा की तिला बंडाची माहिती होती आणि तिने ती सांगितली नाही. माहीत असून गप्प राहिल्याबद्दल शिक्षा झाली ती तिला.

१८९७ मध्ये नवे अध्यक्ष मॅकिन्ली यांच्या सहीने विलीनीकरणाचा करार पुन्हा सिनेटपुढे आला, आणि तेव्हा हवाईच्या लोकांनी जे केलं ते वाचताना माझ्या अंगावर काटा आला. त्यांनी सह्या गोळा केल्या. घोड्यांवरून, होड्यांतून, बेटाबेटांवर, खेड्याखेड्यांत जाऊन. पुरुषांची संघटना होती, बायकांची वेगळी होती. एमा नावाही आणि अबिगेल कॅम्पबेल या दोघी हवाई या सर्वांत मोठ्या बेटावरच्या हिलो गावी पोचल्या तेव्हा सभागृह बायांनी भरलं होतं, असं तिथे हजर असलेल्या एका अमेरिकन बातमीदार बाईने लिहून ठेवलंय. साडेपाचशेच्या वर पानं भरली. एकवीस हजारांवर सह्या. मूळ हवाईयन तेव्हा सगळे मिळून चाळीस हजारांच्या घरात, तान्ही मुलं धरून. म्हणजे घराघरातून सही गेली. त्या पानांची छायाचित्रं आता कुणालाही पाहता येतात. नाव, पुढे वय. कुणाचं अक्षर शाळेत घोटलेलं, वळणदार. कुणाचं थरथरतं. सोळा वर्षांची मुलगी, खाली सत्तरीची बाई. मी त्या पानांवरून किती वेळ बोट फिरवत बसले होते. एकही नाव ओळखीचं नाही, तरी प्रत्येक ओळ कुणीतरी आपल्या हाताने लिहिली आहे, आपला देश जाऊ नये म्हणून, हे डोळ्यांना दिसत होतं. चार माणसं ते बाड घेऊन वॉशिंग्टनला गेली. मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर होर यांनी ते सिनेटपुढे मांडलं. सिनेटर पालटले, दोन-तृतीयांश मतं जमेनात, आणि करार पडला.

लोक जिंकले होते. काही महिने का होईना, सह्यांनी एक साम्राज्य थांबवलं होतं.

मग १८९८ चा फेब्रुवारी आला. हवानाच्या बंदरात 'मेन' ही अमेरिकन युद्धनौका फुटून अडीचशेवर खलाशी गेले, एप्रिलमध्ये स्पेनशी युद्ध पेटलं, १ मे ला अमेरिकन आरमाराच्या ड्यूईने फिलिपाइन्समधल्या मनिलाच्या खाडीत स्पेनचं आरमार बुडवलं. आणि मनिलाच्या वाटेवर कोळसा-पाणी घ्यायला हवाई हवं, अशी ओरड सुरू झाली. कराराला दोन-तृतीयांश लागतात ना? मग करार नकोच. साधा संयुक्त ठराव आणला, साध्या बहुमताचा, कनिष्ठ सभागृहात २०९ विरुद्ध ९१, सिनेटमध्ये ४२ विरुद्ध २१. ७ जुलैला मॅकिन्लींची सही. ज्या होर यांनी सह्यांचं बाड मांडलं होतं त्यांनीही शेवटी हवाईच्या बाजूने नाही, विलीनीकरणाच्या बाजूने मत दिलं. मला हे कळलं तेव्हा घरातल्या माणसाने दगा द्यावा तसं वाईट वाटलं. १२ ऑगस्टला राजवाड्यावरून हवाईचा झेंडा उतरला. राणी आणि तिची माणसं त्या समारंभाला फिरकली नाहीत.

होर यांची गोष्ट तिथे संपत नाही, आणि म्हणूनच माणसाबद्दल एका ओळीत बोलता येत नाही. फिलिपाइन्सच्या वेळी हाच म्हातारा स्वतःच्या पक्षाविरुद्ध, स्वतःच्या अध्यक्षाविरुद्ध उभा राहिला. फिलिपिनो लोकांनी स्पेनविरुद्ध लढून १२ जून १८९८ ला स्वातंत्र्य जाहीर केलं होतं. त्यांचा प्रतिनिधी फेलिपे अगोन्सियो पॅरिसला तहाच्या बोलण्यांसाठी गेला तर त्याला आत घेतलं नाही. ज्या देशाचं भवितव्य ठरत होतं त्याचा माणूस बाहेर, आणि आत दोन परके देश दोन कोटी डॉलरचा व्यवहार करत होते. तो तह सिनेटमध्ये ६ फेब्रुवारी १८९९ ला लागेल त्याच्यापेक्षा केवळ एका मताने जास्त मिळून मंजूर झाला. दोनच दिवस आधी मनिलाच्या वेशीवर गोळीबार होऊन युद्ध सुरू झालं होतं. आणि त्याच आठवड्यात वर्तमानपत्रांतून एक कविता छापून आली, गोऱ्या माणसाने आपल्या खांद्यावरचं ओझं उचलावं असं अमेरिकेला फिलिपाइन्सबद्दल बजावणारी. कवी किपलिंग. जन्म मुंबईचा, जे. जे. कलाशाळेच्या आवारातला. त्या आवारातल्या झाडांखालून मी कॉलेजच्या दिवसांत कितीदा गेलेय. चित्रांची प्रदर्शनं बघायला, मैत्रिणींबरोबर वडापाव खात. त्या अंगणात रांगलेला मुलगा मोठा होऊन, सात समुद्रांपलीकडच्या एका लोकांना अर्धे सैतान आणि अर्धी पोरं म्हणाला, हे मला अजून पचवता येत नाही. मुंबईच्या आयांनीच त्याला सांभाळलं, गोष्टी सांगितल्या होत्या.

ते ओझं कसं उचललं गेलं? २८ सप्टेंबर १९०१ ला समार बेटावरच्या बालांगिगा गावात गावकऱ्यांनी अमेरिकन तुकडीवर सकाळी न्याहारीच्या वेळी हल्ला करून ४८ सैनिक मारले. कोयत्यांनी मारले. त्या पोरांच्याही आया कुठेतरी वाट बघत असणार, ते मी विसरत नाही. त्यावर जनरल जेकब स्मिथने हुकूम दिला की समार ओसाड करून टाका, मारा आणि जाळा, दहा वर्षांच्या वरचा जो कुणी शस्त्र धरू शकेल त्याला सोडू नका. चर्चच्या तीन घंटा सैनिकांनी उचलून नेल्या. तिकडे बातांगासमध्ये जनरल बेलने खेडी रिकामी करून माणसं आखून दिलेल्या हद्दीत डांबली, बाहेरचं पीक-धान्य नष्ट केलं, आत रोग पसरले. क्यूबात स्पेनने नेमकं हेच केलं म्हणून अमेरिकेतली वर्तमानपत्रं तीन-चार वर्षांपूर्वी संतापाने पेटली होती. युद्धात, उपासमारीत आणि रोगराईत मिळून दोन लाखांपर्यंत सामान्य फिलिपिनो माणसं गेली, असा आकडा अमेरिकेचं परराष्ट्र खातंच देतं.

आणि हेही माहीत होतं. कैद्याला जमिनीवर पाडून, तोंड उघडं धरून, पोट फुगेपर्यंत पाणी पाजायचं आणि मग बोलतं करायचं, ही पद्धत सैनिकांनी घरी पत्रांतून कळवली, ती पत्रं छापून आली. १९०२ मध्ये सिनेटच्या समितीपुढे परतलेल्या सैनिकांनी शपथेवर सांगितलं. मार्क ट्वेन साम्राज्यविरोधी संघाचे उपाध्यक्ष होते आणि उघड उघड लिहीत होते. जनरल स्मिथवर लष्करी खटला झाला, शिक्षा म्हणून समज दिली गेली आणि निवृत्त केलं. कुणी अंधारात नव्हतं. सिनेटमध्ये भाषणं होत होती, वर्तमानपत्रांत अग्रलेख येत होते, न्यायालयांत निकालाविरुद्ध मतं नोंदली जात होती. एखादी गोष्ट चूक आहे हे कळायला त्यांना आमच्या जन्मापर्यंत थांबावं लागलं नाही. "त्या काळी सगळेच" म्हणताना आपण त्या एकवीस हजारांना, होरना, क्लीव्हलंडना, त्या शपथेवर बोलणाऱ्या पोरसवदा सैनिकांना "सगळ्यां"तून वगळतो. तेही त्याच काळचे होते.

पर्ल हार्बरलाही आम्ही गेलो. १९४१ च्या जपानी हल्ल्यात बुडालेल्या 'अरिझोना' युद्धनौकेच्या सांगाड्यातून अजून तेलाचा थेंब वर येतो, पाण्यावर इंद्रधनुष्यी तवंग पसरतो आणि वाऱ्याबरोबर लांबत जातो. संगमरवरी भिंतीवर १,१७७ नावं. एका नावापाशी एक म्हातारा गृहस्थ टोपी काढून उभा होता. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, ते खोटं नव्हतं. पण तिथल्या पाट्यांवर गोष्ट १९४१ ला सुरू झाल्यासारखी वाटते, आणि १८८७ चा तो करार, त्याआधी त्या खाडीत मूळ लोक बांध घालून मासे पाळत होते तो काळ, हे शोधून वाचावं लागतं. परतताना गाडीत मी भाच्याला वर लिहिलेलं सगळं सांगितलं, जमेल तसं, तुटक. तो बराच वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, "मावशी, पण मग मी काय करू? मी तर इथलाच आहे." मला त्याचा राग आला नाही. उलट पोटात तुटलं. त्याची लेक रोज सकाळी शाळेत छातीवर हात ठेवून त्या झेंड्याची शपथ घेते, ती तिचीच आहे, आणि तिने ती घ्यावी असंच मला वाटतं. त्या देशाने माझ्या बहिणीला म्हातारपणी चांगले उपचार दिले, तिच्या मुलाला मान दिला. मी त्याला एवढंच म्हटलं की तू इथला आहेस म्हणूनच तुला माहीत हवं. मी पाहुणी, मला चार दिवस रडून परत जायचंय.

१९९३ मध्ये, सत्ता उलथवल्याला शंभर वर्षं झाली म्हणून, अमेरिकेच्या काँग्रेसने ठराव करून मूळ हवाईयन लोकांची माफी मागितली. अध्यक्ष क्लिंटन यांनी सही केली. त्या ठरावात सगळं कबूल आहे: वकिलाचा हात, सैनिकांचं उतरणं, लोकांची संमती न घेता आणि मोबदला न देता घेतलेली अठरा लाख एकर राजजमीन आणि सरकारी जमीन. मी तो शेवटपर्यंत वाचला. शेवटी लिहिलंय की या ठरावातल्या कशाचाही अर्थ अमेरिकेविरुद्धच्या कुठल्याही दाव्याचा निवाडा असा घेऊ नये. बालांगिगाच्या तीन घंटा मात्र २०१८ च्या डिसेंबरात खरोखर परत गेल्या, दोन वायोमिंगमधल्या अमेरिकन वायुदलाच्या तळावरून, एक दक्षिण कोरियातल्या अमेरिकन तळावरून. एकशे सतरा वर्षांनी. म्हणजे परत देता येतं, मनात आणलं तर.

जमिनीचं मात्र व्हायचं आहे. त्या अठरा लाख एकरांचा मोठा भाग पुढे हवाई राज्याकडे आला, आणि १९६४ मध्ये त्यातली काही हजार एकर जमीन लष्कराला सरावासाठी पासष्ट वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली गेली. भाडं एक डॉलर. वर्षाला नव्हे, सगळ्या पासष्ट वर्षांचं मिळून. त्यातला सर्वांत मोठा तुकडा मोठ्या बेटावरच्या पोहाकुलोआला, मौना केआ आणि मौना लोआ या दोन पर्वतांच्या मधल्या पठारावर आहे. हा भाडेपट्टा २०२९ मध्ये संपतो. लष्कराला तो पुढे चालू हवा आहे. राज्याच्या जमीन मंडळाच्या सुनावण्यांना मूळ हवाईयन माणसं येतात, आधी आपल्या आजी-पणजीचं नाव सांगतात आणि मग विरोध नोंदवतात. त्यातल्या काहींची भाषणं मी इथे बसून ऐकली. ती जमीन त्यांना परत मिळावी असं मला मनापासून वाटतं, आणि २०२९ मध्ये काय होतं ते मी भाच्याला विचारणार आहे, कारण मत त्याला आहे.